शकूची डबी

१० एप्रिल १९८६, गुरु.
मशीन बंद. माहेराहून परतताना बसस्टँडवर पदराची गाठ सुटली, बॉबिनची डबी पडली आणि वरून रिक्षाचं चाक गेलं. पार चेपली. हे म्हणाले, "मशीनची डबी माहेरी न्यायची गरजच काय?" यांना काय सांगू! शिवणक्लासच्या बाईंची शिस्त ती. घर सोडताना डबी काढून सोबत न्यायची, म्हणजे मागे कुणी मशीनला हात लावून टीप बिघडवत नाही. क्लासमधली मैत्रीण शकू आणि मी तेव्हा हसायचो. आता दोघीही तेच करतो. इकडे शेजारच्या रेखाच्या लग्नाचे ब्लाउज पडलेत.

११, शुक्र.
मिस्त्री म्हणे, "बहनजी, इस मशीन का सामान अब नहीं आता." नवी डबी लावून पाहिली, बसेना. शकूची मशीन अगदी माझ्या मशीनसारखीच. तिच्याकडे जास्तीची असेल कदाचित. उद्या तिच्या सासरी, लांजीला.

१२, शनि.
शकू घरी नाही. नवरा दारातच उभा. "माहेरी गेली ते, खैरलांजीले. डबी पाहिजे ना? घेऊन जा." तिच्या मशीनमधूनच काढून आणली! म्हटलं, तिला लागेल ना आल्यावर. "तिले नाही लागत आता." पाणीसुद्धा विचारलं नाही. कसला माणूस! पण काम झालं.

१३, रवि.
डबी चपखल बसली. आत शकूचाच लाल दोरा. एक बाही जोडली, दुसरी घेतली आणि पाय थांबला.
शकू माहेरी गेली, तर डबी मशीनमध्ये कशी?
यांना सांगितलं. "विसरली असेल. नसत्या भानगडीत पडू नको." विसरेल? वडील गेल्याचा निरोप आला तेव्हाही रडत रडत आधी डबी काढणारी बाई ती. भीती वाटतेय, खरंच.

१४, सोम.
यांना न सांगता खैरलांजीला गेले. शकूची आई अंगणात कुरडया घालत होती. मला पाहून उठली, माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिली.
"शकू नाही आली तुह्यासंगं?"
संक्रांतीपासून आलीच नाही म्हणे. "काहून वं, बरी हाय ना ते?" मी हौ म्हणाले. का म्हणाले? निघताना कुरडयांची पुडी दिली. "भेटली त देजो तिले."
घरी आले तर हे सांगतात, शकूचा नवरा येऊन गेला, डबी परत पाहिजे म्हणत होता. "तू रेखाकडे गेलीस म्हटलं, तर हसला. म्हणे, खैरलांजीले गेली असन. उद्या येतो."

१५, मंगळ.
हे भरवेलीला खाणीवर गेले. आज जाऊ नका म्हटलं, ऐकलं नाही. मी पोलीस ठाण्यात जाणार. काय सांगणार? की एक बाई डबी विसरत नाही? हसतील. हसू देत.
रेखाचा ब्लाउज एका बाहीचाच राहिला. डबी काढून पदराला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. शकूची डबी.
दाराच्या फटीतून पाहिलं. समोर लिंबाखाली तो सायकल टेकवून बसलाय. घाई नाही त्याला. मागच्या दारानं निघते.