अण्णा विहिरीत आहेत, ऑटो बंद कर

निशांत,

आधी मोबाइल उघड आणि गावच्या मोटरचं ऑटो बंद कर. मग पुढचं वाच.

आईंचा आत्ता फोन आला. पाइप गाळाने तुंबला म्हणून अण्णा विहिरीत उतरलेत, फोन घरीच ठेवून. एक वाजता लाइट आली तरी बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होणार नाही, असंच त्यांना वाटतंय. रात्री तू इथून मोबाइलवरून ऑटो लावलंस, आता लाइट आली की मोटर आपोआप सुरू होणार, हे त्यांना सांगितलंच नाहीस ना?

पावसाळी मक्याला मोटर लागत नाही, रब्बीचा पाच-सहा पाण्यांत निघतो. उन्हाळी मक्याला दर आठवड्याला पाणी, आणि खत टाकून पाणी चुकलं की खतही गेलं, हे तूच मला समजावलंस. काल युरिया टाकला म्हणून तुझी घाई. कळतं मला. पण अण्णा पाण्यात उभे आहेत रे.

तुझा मोबाइल इथे या चिठ्ठीशेजारी चार्जिंगला, आणि परवाच्या भांडणानंतर तू लॉक बदललंयस. मी चार वेळा चुकले. आईंना फ्यूज काढायला पळवलंय, पण मळा वीस मिनिटं लांब आणि त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत. तू केस कापायला गेलायस, म्हणून जाईला कडेवर घेऊन मी तुला सलूनमध्ये शोधायला चाललेय, आधी स्टेशनजवळच्या, मग मार्केटमधल्या. बारा पस्तीस झालेत.

बंद केलंस की मला नुसती रिंग दे. अण्णा वर आले असं आई सांगेपर्यंत पुन्हा लावू नकोस. युरिया गेला तर जाऊ दे.

उत्कर्षा