कडुलिंबावरचा रोग

५ नोव्हेंबर
सोसायटीच्या कडुलिंबाला रोग लागलाय. खोडावर राखाडी-हिरवे पापुद्रे, पानांसारखे, कडा मुरडलेल्या. झाडाला आतून खात असणार. सुनंदा म्हणाली, अहो, मसाल्यातलं दगडफूल असंच दिसतं, असू द्या की. हिला सगळीकडे मसालाच दिसतो. बँकेत मला कोणी विचारत नसेल, पण झाडांचं मला कळतं. उद्या पहाटेपासून मोहीम.

८ नोव्हेंबर, सकाळी ११
पहाट हुकली. ब्रशने वीतभर खरवडलं तर कंबर धरली. आता स्प्रे. चुन्याची निवळी, हळद, थोडं फिनेल. फॉर्म्युला गुप्त. भिंतीमागची कापड रंगवायची नवी डाइंग मिल आजपासून चालू. वास येतो. चालायचंच, एरिया सुधारतोय.

२ डिसेंबर
जिंकलो! पापुद्रे पांढरे पडले, कडा सुटल्या. आमची लेक चंचल खोकतेय. थंडी, दुसरं काय!

११ जानेवारी
कमालच झाली. गेटजवळच्या आंब्याला मी हातही लावला नव्हता, तरी त्याच्यावरचे पापुद्रे गळाले. औषध हवेतून पसरतं! सेक्रेटरीला म्हटलं, पर्वत पाटिया नाक्यापर्यंतची सगळी झाडं करून देतो. नाकाला रुमाल लावून उभा होता. नीट ऐकलंच नाही त्याने.

२० जानेवारी
चंचलला नेब्युलायझर. सात वर्षांची पोर, छाती भात्यासारखी हलते. डॉक्टरांनी विचारलं, घराजवळ नवीन काही सुरू झालंय का? मी स्प्रेबद्दल सांगितलं. सुनंदाने मिलबद्दल सांगितलं. विषयांतर करायची सवयच आहे तिला.

१५ फेब्रुवारी
सुनंदा चंचलला घेऊन माहेरी गेली, अमळनेरला. चार दिवसांसाठी. मिलची दुसरी चिमणी सुरू. कडुलिंब एकदम स्वच्छ.

९ मार्च
सुनंदाचा फोन. चंचलचा खोकला थांबला. अंगणातल्या आंब्यावर तेच पापुद्रे आहेत, भरपूर, स्वच्छ हवेतच येतात म्हणे, पोरगी दिवसभर तिथेच खेळते. मी ओरडलो, लांब ठेव तिला, रविवारी ब्रश घेऊन येतो! म्हणाली, तुमनं डोकं फिरनं का? चिडली की अहिराणीवर येते. मग शांतपणे म्हणाली, जूनपासून चंचलला इथल्याच शाळेत घालतेय.

२३ मार्च
जिना चढताना दोनदा बसलो. खोकला. धूळ असणार.
घर खायला उठतं. सकाळी पार पर्वत पाटियापर्यंत प्रत्येक झाड मागूनपुढून पाहिलं. एकाही खोडावर एक पापुद्रा नाही. फॉर्म्युला जरा कडक झाला.
स्प्रे बंद केलाय. आता दगडफूल उगवेल. उगवलं, की सुनंदाला फोन करतो, परत या म्हणून.