मन खातं तोवर

१४ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची! पाथर्डीपासून टेम्पोत शेळ्यांना खेटून आले, पण लंकाबाईंची सारवलेली ओसरी पाहिली आणि शीण गेला. परसात विहीर, दारात शेवगा. निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय, लंकाबाईंचा धाकटा मुलगा कानिफनाथही. घरी त्या आणि सून सविता, सातवा महिना लागलेली. मी आलेय बोलीकोशासाठी शब्द गोळा करायला. माझ्या वाट्याला आलाय 'पश्चात्ताप'. पश्चात् म्हणजे मागाहून, ताप म्हणजे पोळणं. इंग्रजीतल्या 'रिमोर्स'चं मूळ लॅटिनमध्ये आहे: पुन्हा चावणं. आपलंही मन खातंच की! दातांच्या बाबतीत जगाचं एकमत दिसतंय.

१६ नोव्हेंबर
इथे 'पस्तावा' म्हणतात. पण नुसता शब्द घेऊन भागत नाही, वापरातलं उदाहरण लागतं. शेजारचे छगनबाबा म्हणाले, "पस्तावा बोलायचा नस्तो बाई. ज्याचा त्यानं संबाळायचा." मीही चिवट. शेवटी बोलले. तरुणपणी रागाच्या भरात त्यांनी बैलाचा डोळा फोडला होता. तेव्हापासून हातात काठी धरली नाही, म्हातारपणी आधारालासुद्धा नाही. सांगून झाल्यावर चेहरा कसा मोकळा झाला त्यांचा. मला फार बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर
धार काढताना हलली म्हणून छगनबाबांनी शेळीला काठीने मारलं. मेली ती. मी ओरडले तर हसले, "काय वाटंनाच बगा आता." बैलाचं सगळं आठवत होतं त्यांना. फक्त ते चावत नव्हतं.
योगायोग असेल.

१८ नोव्हेंबर
लंकाबाई आज आपणहून जवळ येऊन बसल्या. छगनबाबांसारखं मोकळं व्हायचं होतं त्यांना. मी थांबवायला हवं होतं. पण एवढं चांगलं उदाहरण कोण सोडतं? फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं. थोरली सून चांगुणा विहिरीत पडली तेव्हा त्या काठावरच होत्या. "दोर हातात हुता. टाकला न्हाई. तिचं त्वांड लई चालायचं." तेव्हापासून धाकटीला, सविताला, त्यांनी विहिरीकडे फिरकू दिलेलं नाही. पाणी स्वतः शेंदतात.
जेवताना लंकाबाई गाणं गुणगुणत होत्या.

१९ नोव्हेंबर
सकाळी त्यांनी सविताच्या हातात हंडा दिला. मी हिसकावून घेतला, पाणी मीच आणलं. मग सविताला सगळं सांगितलं, माहेरी जा म्हटलं. ती हसली. "आत्याबाई तसल्या न्हाईत, ताई. मला पान्यालासुदिक जाऊ देत न्हाईत." कानिफनाथचा फोन लागत नाही. दोर मी माझ्या खाटेखाली लपवलाय.
भीती वाटते. लंकाबाईंचा पस्तावाच या पोरीला राखत होता. तो मी काढून घेतला, एका उदाहरणासाठी. तिला काही झालं तर ते माझ्यामुळे. माझं मन मला खातंय, खातंय— लिहिलं की जरा—

२० नोव्हेंबर
कालचं लिहून झाल्यावर छान झोप लागली.
सकाळी मन चाचपून पाहिलं. काही नाही. काढलेल्या दाढेच्या जागी जीभ फिरावी तसं. लंकाबाई हंडा घासत होत्या. मी चहा घेतला.
सविताला पुन्हा बजावायचं होतं— राहिलं.

२१ नोव्हेंबर
सविता विहिरीवर गेलीय. विहिरीचा दोर माझ्या खाटेखाली, म्हणून शेळीचा तोकडा दोर घेऊन. फार वाकावं लागेल— लंकाबाई तिच्यामागे गेल्या. मी बघितलं.

पाण्याचा आवाज. मोठा.

"ताई, दोर—"

सविताच. लंकाबाईंचं गाणं सुरूच आहे.

दोर इथेच आहे, माझ्या पायाशी. उठायला हवं, हे कळतंय. एवढं वाक्य पुरं झालं की उठ—