वरच्या दांडीवरची घार

४ फेब्रुवारी, रविवार

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोडून टाक. आमच्या वन्यप्राण्यांच्या दवाखान्यातल्या घारीचा डावा पंख कायमचा गेला, असं मी लिहिलं होतं. ते चूक निघालं. आज तिचा पिंजरा धुताना सगळ्यात वरच्या दांडीवर ओली शीट दिसली. तिथे पोचायला शिडी तरी हवी नाहीतर पंख, आणि शिडी माझ्याकडे होती.

म्हणजे ती उडते. आमच्यासमोर उडत नाही इतकंच. रोज हातावर आयतं मांस मिळतं, मग ती कशाला कष्ट घेईल? आणि उडत नाही म्हणून आम्ही तिला अपंग ठरवून मोकळे. दर शनिवारी शाळेची मुलं येतात आणि मी तिला मनगटावर घेऊन सांगते की ही आता कधीच उडणार नाही. कालही सांगितलं.

डॉक्टरबाईंना लगेच सांगितलं. त्या एका कोल्ह्याला टाके घालून नुकत्याच टेकल्या होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या की घार गेली तर शनिवारी तिच्या जागी काय तुला बसवू? त्यांचंही खोटं नाही. या घारीला पाहून गेलेली मुलंच हल्ली जखमी पाखरं खोक्यात ठेवून, झाकण लावून आणतात. पूर्वी लोक चोचीत पाणी ओतून अर्धमेली करूनच आणायचे. फार थकले आहे गं. काय करू?

तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझी भाची

९ फेब्रुवारी

चि. शंकेखोर हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. माझे गुडघे कुरकुरतात, तुझे आतोबा त्याहून जास्त.

तुझी पहिली शाळा म्हणजे माझा गोठा. वासराच्या खुरातला काटा काढताना तू त्याची परवानगी मागायचीस, आणि ते लाथ मारून ती द्यायचं. तेव्हा तुला काय शिकवलं होतं? जनावर बरं झालं की नाही, हे आपल्या इच्छेने ठरत नाही. तुझ्या नाही आणि तुझ्या बाईंच्याही नाही. एका शिटेवर उड्या मारू नकोस. हातावर भरवणं बंद कर. मांस उंचावर ठेव आणि तू दिसू नकोस. उपाशी राहिली तर तुझा अंदाज चुकला.

आणि गुपचूप दार उघडायचा विचार डोक्यात असेल तर तो काढ. तुझ्या बाईंसारख्या थकलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं, म्हणूनच ते करू नये.

जेवत जा. तुझी हाडं पत्रातूनही टोचतात.

आहे तो लोभ वाढताच आहे.

आत्या

२० फेब्रुवारी, मंगळवार

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हातावर भरवणं बंद केल्यावर घार आधी नुसती खाली बसून दाराकडे बघत राहिली. तिचं पोट रिकामं, म्हणून माझाही डबा तसाच परत जायचा. मग एकदा वर ठेवलेलं मांस नाहीसं झालं. काल डॉक्टरबाईंना आडोशाला उभं केलं आणि वरच्या जाळीच्या फटीतून एक तुकडा आत टाकला. तिने तो हवेतच पायांत पकडला आणि वळून वर जाऊन बसली.

बाई आडोशातून बाहेर आल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या की पंख गेल्याचा निकाल त्यांचा होता, तो त्या बदलतील. पण शाळांना तोंड मी द्यायचं. घार गेल्यावर आमच्याकडे कोण कशाला येईल, ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही.

जिंकल्यासारखं काही वाटत नाही. बाहेरच्या घारींच्या गर्दीत हिचा निभाव लागेल याचीही खात्री नाही. पण ‘ही कधीच उडणार नाही’ हे वाक्य आता माझ्या तोंडून निघणार नाही. ज्यांना ते सांगितलं, त्यांच्यासमोरच ते पुसायचं. मुलांना कुंपणापाशी गप्प उभं करून मी दार उघडणार आहे.

माझ्यावर रागावत राहा, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी भाची

ता. क. दिवस लिहायचा राहिला. येत्या शनिवारी, २४ फेब्रुवारीला.