एका धुराड्याला दोन भट्ट्या

कॅनडा, जानेवारी १९७५

तीर्थस्वरूप निंगव्वा आत्तीस,
गुरप्पाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आधी हे सांगतो, तुमची लेक दाक्षायणी सुखरूप आहे. आत्ता माझ्या शेजारी बसून चहा पितेय.

इथं घर ऊबदार ठेवायला तळघरात तेलाची भट्टी असते. तेल फार महागलं, म्हणून मी तिच्या शेजारी लाकडाची भट्टी बसवली. जाणता माणूस न बोलावता दोन्हींचे नळ एकाच धुराड्यात जोडले.

दाक्षायणी म्हणाली, "धूर मागं येतोय की हो."

"चुलीपुढं वाढलीस आणि धुराला भितीस व्हय?" असं हसून म्हणालो आणि कामावर गेलो.

दुपारी त्या धुरानं ती दारातच बेशुद्ध पडली. शेजारच्या बाईंनी पाहिलं आणि तिला ओढत बाहेर बर्फात आणलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "चूक माझीच. भट्टीचं दार मी उघडं ठेवलं." डॉक्टर तिला रागावले. मी तिथंच उभा होतो आत्ती, आणि माझ्या वाटची बोलणी तिला खाऊ दिली. दुसऱ्या दिवशी तिला घरी आणताना मात्र त्यांना खरं सांगितलं.

लाकडाची भट्टी काढून टाकली आहे. तुमचा गुडघा कसा आहे? रात्री शेकता का?

दाक्षायणी म्हणते, "आईला यातलं कायबी लिहू नका. तिला तुमचा लई अभिमान हाय." ते ऐकल्यावर न लिहिता राहवेना.

रागवायचं तर मलाच रागवा.

तुमचा भाचा (जावई म्हणून सही करायला आज हात धजत नाही),
गुरप्पा