बाकाला पाडलेलं भोक

आण्णा, तुमच्या सुतारकामाच्या सागवानी बाकाला मी मधोमध भोक पाडायचं ठरवलं होतं. तुम्हाला राग यावा म्हणूनच हे आधी सांगते. ज्या बाकाला नुसतं टेकलं तरी तुम्ही डोळे वटारायचा, तो तुमच्यामागं माझ्याकडं आला. त्याच्या पोटात मला राऊटर टांगायचा होता. रविवारच्या माझ्या हौशी सुतारकामासाठी. लाकडाला खाचा आणि गोलाई काढणारं हे यंत्र, तुमच्या पटाशीचं दुपारभराचं काम चहा निवेपर्यंत उरकतं. यंत्रांचा तुम्हाला किती तिटकारा होता, ते मी विसरलेली नाही.

गुलमंडीपलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणतो, "मॅडम, हलकं मॉडेल घ्या. साहेबांच्या शौकाला लई झालं." म्हटलं, "साहेबांना नाय, मला पायजे. अन् टेबलाखाली उलटं टांगायचंय, भुसा सगळा मोटरीत जातो. दणकट दाखवा." तीन यंत्रं काढायला लावली. बिट, म्हणजे कापणारं पातं, धरणारा दांडा चिमटीत धरून हलवून पाहिला. किंचित डुलला की ते यंत्र बाजूला. रिकामं चालवून डोळे मिटून आवाज ऐकला. मोटरीतले झिजणारे कार्बन ब्रश इथं शहरात मिळतात का, बिटाची उंची टेबलाच्या वरून बदलता येते का, सगळं विचारलं. शेवटी सगळ्यात जड होतं ते घेतलं. दुकानदार म्हणाला, "कुनाच्या हाताखाली शिकल्या तुम्ही?" "कुनाच्याच नाय," मी म्हटलं. मुद्दाम म्हटलं, आणि फार बरं वाटलं.

बिडकीनच्या तुमच्या दुकानात खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हत्यारं पुसून त्यांना तेल लावायचं काम माझं. पुसायला मी चालायचे, चालवायला नाही. बारा वर्षांची असताना, तुम्ही परगावी गेलेले बघून मी एक स्टूल केलं. एक खिळा न मारता, सगळे जोड लाकडात लाकडाचं कुसू घालून, आणि एका जोडाशी पेन्सिलीनं चांदणी काढून. तुम्ही आलात, ते उलटंपालटं करून पाहिलंत आणि आईला म्हणालात, "चुलीत घाल हे. अन् हिला पटाशीला हात लावू देऊ नको. पोरींचं काम न्हाई ते." मी दोन दिवस जेवले नाही.

खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं, म्हणून मुद्दाम राऊटर त्याच दिवशी सुरू करणार होते. त्याआधीच्या रविवारी भोक पाडायला बाक उलटा केला. खाली मधोमध आधाराला दोन पाय ठोकलेले होते, मधल्या पट्टीसकट. जोडाशी मी पेन्सिलीनं काढलेली चांदणी. इतकी वर्षं तुमच्या रंध्याचे धक्के सोसून तो जोड केसभर हलला नव्हता. म्हणजे तुम्हाला कळलं होतं, आण्णा. पक्का नसता तर तुम्ही तो आपल्या बाकाखाली लावलाच नसता. आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. स्टूल खरंच जाळलं असतंत, तर मी कधीतरी माफ केलं असतं. आता करणार नाही.

भोक चार बोटं सरकवून पाडलं. तुमच्या बाकासाठी नव्हे, माझ्या जोडासाठी. खंडेनवमीला राऊटर चालवला नाही, त्याला हळदकुंकू वाहिलं, मग वाकून स्टुलाच्या त्या पायांनाही. तुमच्या पटाशीला नाही. हा कागद राऊटरच्या खोक्यात वॉरंटी कार्डाखाली जाईल, कुणी वाचणार नाही, म्हणून एक लिहून टाकते. आदल्या दिवशी पटाशीला तेल लावलं होतं. सवयीनं लावलं, असं लिहिणार होते. पण ती माळ्यावर होती. शिडी लावून काढली.