राखुंडीच्या पुडीवरचं नाव

प्रिय अक्का,

पुण्याच्या छापखान्यातून लेबलाचा नमुना आला आहे. कडेनं भाताची लोंबी काढली आहे आणि मधे नावाची जागा कोरी सोडली आहे. काय छापायचं ते गुरुवारच्या टपालानं कळवायचं आहे. तुम्हाला जाऊन चार महिने झाले, तरी राखुंडीचं काही ठरवायचं म्हटलं की मी अजून तुमच्या खोलीकडेच वळते. म्हणून लिहायला बसले. तुमची पत्रं मी धाकट्या जावेनंच वाचून दाखवायची ना? हेही झालं की मोठ्यानं वाचीन.

पुण्याचे दुकानदार म्हणतात, ‘यमुनाअक्कांची राखुंडी’ असंच छापा, वर फोटो घाला. लोक माणूस बघून माल घेतात. आपल्या घरी मात्र ‘मुळशी राखुंडी’ हवं आहे. माणूस आज आहे, उद्या नाही, धंद्याला टिकणारं नाव पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं. दोन्ही पटतात, अक्का. मग माझा हात का अडतो?

भावोजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही परसात पहिल्यांदा तूस जाळलंत. गिरणीपाशी भाताच्या तुसाचा ढीग पडलेला असायचा, त्याला कोण विचारत होतं! त्या राखेत हिरडा, तुरटी, लवंग आणि मीठ. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा वस्त्रगाळ. एवढं झालं तरी पुड्या बांधायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खेपेची चिमूट आधी तुमच्या दातांना. हिरडीला कुठं टोचली नाही तरच दोरा हातात घ्यायचात. मी कंटाळून म्हणायची, रोज तीच तर राखुंडी, रोज काय बघायचं?

“जी माज्या तोंडात न्हाई गेली, ती दुसऱ्याच्या तोंडात कशी घालू?”

पौडच्या बाजारात बायका नुसतं ‘आक्काची द्या’ म्हणायच्या. पुडीवर नाव घालायची हौस माझी. सातवी पास झालेली मी, मिरवायला काहीतरी हवं होतं! वळणदार अक्षरात तुमचं नाव कागदांवर लिहून काढलं आणि तुम्हाला दाखवलं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, “चांगलं दिसतंय गं. पण पुडी सरली की ह्यो कागूद कुटं जानार? लोकांच्या पायाखाली.”

मी हसले होते. तुम्ही माझ्यासाठी चालवून घेतलंत. पण बाजार उठल्यावर तुम्ही वाकून वाकून कागद गोळा करायचात. एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव चित्रासारखं ओळखायचात. घरी आणून चुलीत घालायचात. तेव्हा मला ते वेड वाटलं. आज वाटतं, मी तुम्हाला एकदाही विचारलं का, अक्का, चालेल ना म्हणून?

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा पुण्याची मोठी मागणी आली होती. मी एकदाच गाळलं, आणि त्यातल्याच काही पुड्या पौडच्या बाजारातही विकल्या. दातांना तर लावलीच नाही, कारण मी तेव्हा डब्यातली पांढरी पावडर वापरत होते. पुण्याहून आणून ट्रंकेत लपवली होती. राखुंडी करणाऱ्या घरातली बाई, आणि मला काळ्या बोटाची लाज वाटायची.

आठ दिवसांनी माले गावाहून हौसाबाई आली. पहिल्या वर्षापासूनचं तिचं गिऱ्हाईक. गालावर पदर धरलेला, हिरडी सोललेली, थुंकीतून रक्त येत होतं. तुमच्या उशाशी बसून म्हणाली, “आक्का, तुजं नाव बगून घेतली गं.”

मी दारात चहा घेऊन उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“चुकलं माजं, हौसा. हात हलका पडला.”

ज्या खेपेला तुमचा हात लागलाच नव्हता, तिच्यासाठी! आणि मी चहा पुढे केला.

उरलेल्या पुड्या मी उकिरड्यावर रिकाम्या केल्या. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही संध्याकाळी एवढंच म्हणालात, “इंदे, तुजं दात लई पांढरं झाल्यात,” आणि हसून कुशीवर वळलात. किती दिवसांपासून ठाऊक होतं तुम्हाला?

तेव्हापासून मला नावाचा अर्थ वेगळा लागतो. हौसाबाई मालेहून आली, कारण कुणाच्या दारात जायचं ते तिला माहीत होतं. आता तुमचं नाव छापलं, तर तिनं कुणाच्या उशाशी येऊन बसायचं? नुसतं ‘मुळशी’ छापलं, तर इतक्या मोठ्या तालुक्यात दार कुठलं? दोन्ही नावांच्या मागे मला लपायला जागा आहे. अडतं ते इथेच.

म्हणून असं लिहून पाठवते आहे: वर मोठ्या अक्षरात ‘मुळशी राखुंडी’. मी गेल्यावर जी करील तिलाही ते चालेल. खाली बारीक अक्षरात, ‘करणार: इंदूबाई, पौड’. हे म्हणाले, बाईमाणसाचं नाव बाजारात कशाला? मी म्हटलं, अक्कांचं इतकी वर्षं चाललं ना? दुकानदार नाराज होतील, कदाचित माल घेणंही थांबवतील. होऊ देत.

पांढऱ्या पावडरीचा डबा टाकला. गेला महिनाभर प्रत्येक खेप दोनदा गाळते आणि आधी माझ्या दातांना लावते. दातांच्या मुळाशी तुमच्यासारखी काळी रेघ धरू लागली आहे.

गुरुवारी टपाल टाकलं की तिथूनच एसटीनं माले गाठणार आहे. हौसाबाईला तोंडावर सांगणार आहे, की ती खेप माझी होती, अक्कांनी तिला हातही लावला नव्हता. ती काय म्हणेल ते ऐकून घेईन. बाजारात म्हाताऱ्या अजून ‘आक्काची दे’ म्हणतात. त्यांना तशीच देईन, काही दुरुस्त करणार नाही. आणि बाजार उठला की कागद वेचीन, तुमच्या जुन्या पुड्यांचे शेवटचे काही अजून सापडतात. यापुढे पायाखाली आलंच, तर माझं नाव येईल. तुमचं मी उचलून घेतलं आहे.

तुमची धाकटी जाऊ,
इंदू